दोघांच्या वाटचं गाणं

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद. तुझं गाणं मिळालं. तीनदा ऐकलं. एकदा हेडफोन लावून, एकदा मेथी निवडता निवडता, आणि तिसऱ्यांदा गाणं बंद ठेवून नुसते शब्द वाचले. मुखडा डोक्यात राहतो. दुपारभर तोच गुणगुणत होते. बाकीचं पुढे सांगते. आधी तुझ्या प्रश्नाकडे वळते, कारण तो तुला पडला याचाच मला फार आनंद झाला.

तू लिहिलंस, "बाई, २०१७ साली युरोव्हिजन ही देशोदेशींच्या गाण्यांची स्पर्धा जिंकलेलं ते पोर्तुगीज गाणं ऐकलं. त्यात काहीच नाही, आणि तरी रडू आलं. असं कसं होतं? आणि आमच्या स्पर्धेसाठी मी माझ्या गाण्यात अजून काय घालू?" दोन्ही प्रश्न तू एका दमात विचारलेस. म्हणून मी तुला त्या गाण्याची गोष्टच सांगते.

गाण्याचं नाव 'आमार पेलुश दॉइश'. दोघांच्या वाटचं प्रेम एकट्यानेच करायचं, असा त्याचा अर्थ. सोडून गेलेल्या माणसाला कुणीतरी सांगतंय की परत ये, आणि तुझं मन तयार नसेल तर राहू दे, माझं मन दोघांच्याही वाटचं प्रेम करेल. गोव्यातल्या माझ्या एका मैत्रिणीकडून मी हे शब्द समजून घेतले. तिच्या घरी आजी-आजोबांपर्यंत पोर्तुगीज बोलत असत. तिने एकेक ओळ फोनवर वाचून दाखवली आणि मधेच गप्प झाली. मीही काही बोलले नाही.

पोर्तुगाल युरोव्हिजनमध्ये पहिल्यांदा उतरला १९६४ साली आणि त्या वर्षी त्याला शून्य गुण मिळाले. त्यानंतरच्या इतक्या वर्षांत सर्वांत वरचा क्रमांक सहावा, तोही १९९६चा. २०१५ला अंतिम फेरीसुद्धा गाठता आली नाही, आणि २०१६ला तर त्यांनी भागच घेतला नाही. मग तिथल्या सरकारी दूरचित्रवाणीने, आर्टीपीने, आपली राष्ट्रीय निवड फेरी नव्याने मांडली आणि १६ संगीतकारांना बोलावून प्रत्येकाकडून एक गाणं मागितलं. गायक कोण, हे संगीतकाराने ठरवायचं.

त्या १६ जणांत लुईझा सोब्राल होती. ती स्वतः उत्तम गाते. बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात शिकलेली, २०११पासून स्वतःचे अल्बम काढणारी. गाणं स्वतः गायची तर तिला कोण अडवणार होतं? पण तिने ते धाकट्या भावाला, साल्वादोरला दिलं. मानसशास्त्राचं शिक्षण सोडून बार्सिलोनात जॅझ शिकायला गेलेला हा मुलगा. आवाज मोठा नाही, पल्लेदार नाही, पण कानाशी येऊन बोलल्यासारखा. ज्या बहिणीने तो आवाज लहानपणापासून घरात ऐकला, तिला तो कुठे श्वास घेतो, कुठे शब्द अर्धवट सोडतो, कुठे सूर जरासा सरकवून मग जागेवर आणतो, हे ठाऊक असणारच. आपल्याकडे हृदयनाथांच्या चाली दीदींच्या गळ्यात कशा बसतात ते तू ऐकलं आहेसच. इथे बहीण चाल लावणारी आणि भाऊ गाणारा, एवढाच फरक.

आता गाण्यातच शिरू, कारण तुझ्या "त्यात काहीच नाही" या वाक्याशी माझं भांडण आहे.

तीन मात्रांचा झोका आहे, आपल्या दादऱ्याशी नातं सांगणारा. पियानो आणि तंतुवाद्यं. ठेका धरायला ड्रम नाहीत. लुईश फिगैरेदू यांनी संगीत संयोजन केलं आहे, आणि त्यात तंतुवाद्यं गायकाच्या अंगावर येत नाहीत. तो थांबला की पुढे होतात, त्याने तोंड उघडलं की मागे सरकतात. घरात मोठं माणूस बोलायला लागलं की बाकीचे आवाज आपसूक खाली येतात, तसं. आता शब्द बघ. गाण्याचं नाव ज्या शब्दांचं आहे ते शब्द कधी येतात? अगदी शेवटच्या ओळीत. तोवर एकदाही नाहीत. स्पर्धेच्या गाण्यात ध्रुवपद पहिल्या मिनिटात कानावर आदळलं पाहिजे असं तुम्ही सगळे मानता ना? इथे ऐकणारा जवळजवळ तीन मिनिटं नावाशिवाय राहतो, आणि ते आलं की गाणं संपतं.

मधल्या एका जागी तो म्हणतो, मला माहीत आहे, एकट्याने प्रेम होत नसतं. पण कदाचित हळूहळू तू पुन्हा शिकशील. 'एकटा' आणि 'हळूहळू' या दोन शब्दांचं तिथे यमक आहे, 'सोझीन्यु' आणि 'देवागारीन्यु'. 'देवागार' म्हणजे हळू. त्याला जोडलेला 'इन्यु' हा लाडाचा प्रत्यय, आपल्या 'छोटुकलं'मधल्या 'उकलं'सारखा. म्हणजे नुसतं हळू नाही, लहान मुलाला चालायला शिकवताना आपण म्हणतो तसं अगदी हळूहळू. सोडून गेलेल्या माणसाला त्याने हा शब्द वापरलाय. राग नाही, दोष देणं नाही. मैत्रीण याच शब्दाशी थांबली होती. आता सांग, काहीच नाही म्हणतोस ते कशाला?

मार्च २०१७मध्ये लिस्बनला हे गाणं निवडलं गेलं आणि मे महिन्यात युरोव्हिजनसाठी युक्रेनमधल्या कीव्हला गेलं. तिथला नियम असा की गाणं तीन मिनिटांत बसवायचं आणि रंगमंचावर सहापेक्षा जास्त माणसं नकोत. १९९९पासून तिथे वाद्यवृंद नसतो, वाद्यांचं ध्वनिमुद्रण वाजतं आणि मुख्य गायकाचा गळा तेवढा प्रत्यक्ष लागतो. सहा माणसांची मुभा असताना हा एकटा उभा राहिला. मुख्य रंगमंचावरही नाही. प्रेक्षकांच्या मधोमध एक छोटा गोल चौथरा होता, तिथे. अंगात जरा ढगळ काळा कोट, केस मागे बांधलेले. ते चित्रण पुन्हा लाव आणि आवाज बंद करून फक्त त्याचे हात बघ. बोटं हवेत पियानोच्या पट्ट्या शोधत असतात. खांदे वर जातात, मान तिरकी होते, डोळे मिटतात. कुणी नृत्यदिग्दर्शकाने बसवलेली हालचाल ती नव्हे. सूर शरीरातून जाताना जे होतं, ते तो लपवत नाही, एवढंच.

तालमींची गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटते. साल्वादोरच्या हृदयाचा आजार गंभीर होता आणि त्याला सगळे दिवस कीव्हमध्ये काढणं शक्य नव्हतं. सुरुवातीच्या तालमींना त्याच्या जागी लुईझा उभी राहिली. कॅमेरे कुठून फिरणार, प्रकाश कुठे पडणार, हे सगळं तिच्यावर ठरलं. गाणं लिहिलं तिने, चाल तिची, आणि भावाची जागा धरून गाणारीही तीच. नंतर तो आला आणि ती बाजूला झाली. बाळा, चाल लावणाऱ्याने हे दोन्ही शिकायचं असतं. गाणाऱ्याच्या जागी उभं राहून बघायचं, आणि तो आला की जागा सोडायची.

१३ मेच्या रात्री ७५८ गुण मिळाले. ३८२ परीक्षकांचे, ३७६ घरी बसून मत देणाऱ्यांचे. दोन्हीकडे पहिला. पूर्णपणे इंग्रजीबाहेरच्या भाषेतलं गाणं जिंकण्याची ही २००७च्या सर्बियानंतरची पहिलीच वेळ. विजेत्याने पुन्हा एकदा गायचं असतं, तेव्हा त्याने बहिणीला वर बोलावलं आणि दोघांनी ओळी वाटून घेतल्या. एक ओळ तिची, एक त्याची. कधी कधी मला वाटतं, गाणं त्या रात्री तेव्हा पुरं झालं.

आता दोन गोष्टी स्पष्ट सांगते, कारण त्या नेमक्या चुकीच्या समजल्या जातात.

पहिली त्याच्या आजाराची. डिसेंबर २०१७मध्ये त्याच्यावर हृदय प्रत्यारोपण झालं, आणि पुढच्या मे महिन्यात लिस्बनच्या स्पर्धेत त्याने हेच गाणं ब्राझीलच्या काएतानो वेलोझो यांच्यासोबत गायलं. हे कळल्यावर लोक म्हणतात, सहानुभूतीची मतं मिळाली. मला हे बोलणं अजिबात पटत नाही. गाण्यात आजाराचा एक शब्द नाही. ज्यांना पोर्तुगीज येत नाही अशा एवढ्या देशांतल्या लोकांनी मतं दिली ती कानांनी दिली. तुझ्या स्पर्धेत निवेदनाच्या वेळी "ही रचना माझ्या आयुष्यातल्या कठीण काळात" वगैरे सांगायचा मोह होईल. तो काळ चालीत उतरला असेल तर सांगावा लागणार नाही, आणि उतरला नसेल तर सांगून उपयोग नाही.

दुसरी त्याच्या भाषणाची. करंडक हातात घेऊन तो म्हणाला की आपण फेकून देण्याच्या, फास्ट फूडसारख्या संगीताच्या जगात राहतो, आणि संगीत म्हणजे आतषबाजी नव्हे, संगीत म्हणजे भावना. टाळ्या खूप पडल्या. पण त्याच रात्री त्याच रंगमंचावर गायलेल्या बाकीच्या मुलामुलींनीही जीव ओतला होता. स्वीडनच्या गायकाने नंतर जाहीरपणे नाराजी बोलून दाखवली, आणि मला त्याचं म्हणणं योग्य वाटतं. पुढच्या वर्षी साल्वादोरने इस्रायलच्या गाण्याला वाईट म्हटलं. ते गाणं जिंकलं आणि करंडक त्यालाच त्या गायिकेच्या हाती द्यावा लागला. त्याचं गाणं मला प्राणापलीकडे आवडतं, तरीही म्हणते की जिंकल्यावर दुसऱ्याच्या गाण्याबद्दल बोलू नये. नाचायला लावणारं गाणंही कुणाच्या तरी गळ्याला, कुणाच्या तरी संध्याकाळीला हवं असतं.

आणि शांत गाणं केलं की जिंकतो, असंही मनात धरू नकोस. २०१८ला घरच्याच स्पर्धेत पोर्तुगालने पुन्हा हळुवार गाणं पाठवलं. ते लिहिणारीने आपल्या गेलेल्या आजीच्या आठवणीत लिहिलं होतं, अगदी आतून. ते २६पैकी २६वं आलं. तेही गाणं ऐक. सुंदर आहे. शेवटचा क्रमांक आला म्हणून ते खोटं ठरत नाही.

आता तुझं गाणं.

पहिल्या अंतऱ्यानंतर बासरी येते, दुसऱ्यानंतर सतार, मग ढोल, आणि शेवटी पट्टी एक सूर वर चढते. हे सगळं तू कुणासाठी केलंस ते मला कळलं, कारण मीही हे केलं आहे. तिशीत असताना एका स्पर्धेसाठी मी चाल लावली. गाणारी मुलगी माझीच शिष्या, काळी चारच्या पट्टीत गाणारी, मध्य सप्तकात आवाज असा की समईसारखा स्थिर. परीक्षकांना चढे सूर आवडतात असं मी ऐकलं होतं, म्हणून अंतरा तार पंचमापर्यंत नेला. तालमीत तिने एकदा म्हटलं, "बाई, इथे मला भीती वाटते." मी म्हटलं, रियाझ वाढव. स्पर्धेच्या दिवशी त्या पंचमावर तिचा आवाज चिरला. तिने गाणं पुरं केलं, खाली उतरली, आणि माझीच माफी मागितली. माफी मी मागायला हवी होती. ती मी मागितली, पण फार वर्षांनी, आणि तोवर तिने गाणं सोडलं होतं.

म्हणून तुझ्या गाण्यात मी सगळ्यात आधी तुझी गायिका शोधली. दुसऱ्या अंतऱ्याच्या पहिल्या ओळीत ती सापडली. तिथे ती खाली, मंद्रातल्या धैवतापाशी येते आणि आवाजाला एकदम ऊब येते. नेमकं तिथेच तू सिंथेसायझरचा जाड पडदा ओढला आहेस. ती ओळ ऐकायला मला आवाज दोनदा वाढवावा लागला. पुढे पट्टी चढते तिथे ती ओरडत नाही, पण शब्दांतले 'ह' आणि 'थ' गायब होतात. दमाला जागा कमी पडली की असं होतं. तू संगणकावर बसून चाल केलीस ना? ती गाऊन बघ. तुझा आवाज कसाही असू दे, उभा राहून, सगळ्या ओळी, श्वासासकट. लुईझा चौथऱ्यावर उभी राहिली होती तसा.

मग एकेक वाद्य बंद करत जा. बंद केल्यावर ज्याची आठवण येईल तेवढंच परत आण. शेवटची पट्टी चढवणं मात्र मला न विचारता काढून टाक. ते तिच्यासाठी नव्हतं आणि गाण्यासाठीही नव्हतं.

शब्दांत एकच सांगते. 'विरहाच्या वणव्यात' ही ओळ तुझी नाही, ती आम्हा सगळ्यांकडून तुझ्याकडे आलेली आहे. तिच्या पुढची, जिन्यात राहिलेल्या चपलेची, ती तुझी आहे. ती इतकी पटकन संपवू नकोस. तिथे दोन मात्रा थांबायला दे.

रविवारी दुपारी चारला ये. एकटा येऊ नकोस, तिलाही आण. लॅपटॉप घरी ठेव. तंबोरे लावून ठेवते. तिची पट्टी काळी तीन की काळी चार, ते आधी बघू. तू समोर बस आणि ती गात असताना काही सुचवू नकोस.

तुझ्या,
बाई