फारकतीला 'नामा' कशाला जोडता?

प्रश्न असा: नवरा-बायको घटस्फोट न घेता वेगळं राहायचं ठरवून तसा लेखी करार करतात, त्याला 'फारकतनामा' म्हणावं का?

नाही. आणि 'घटस्फोट' तर मुळीच म्हणू नये! स्टँप पेपरवर सह्या केल्या, नोटरीचा शिक्का मारून आणला, की 'आमचा घटस्फोट झाला' असं लोक सर्रास सांगतात. ऐकून संताप येतो. नोटरीला लग्न मोडता येत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या (१९५५) कलम १० खाली कोर्टाने विभक्ततेचा हुकूम दिला तरीही लग्न उभंच राहतं, दोघांपैकी कुणालाही दुसरं करता येत नाही. रूढीने चालत आलेल्या काडीमोडीला कलम २९ ने हात लावलेला नाही, पण तो विषय वेगळा.

आता फारकत. काही जण हा शब्द अरबी 'फुर्कत'पासून, म्हणजे विरहापासून काढतात. उच्चार जवळचा, अर्थ जवळचा, झालं यांचं काम! मला हे अजिबात मान्य नाही. मूळ आहे 'फारिग-खत'. फारिग म्हणजे मोकळा, खत म्हणजे लेख. जुन्या कागदांत 'फारखत' हे रूप भेटतं, आणि ते नवरा-बायकोपुरतं नाही. कर्ज फिटलं, भावाभावांच्या वाटण्या झाल्या, आता तुझ्यावर माझा दावा नाही, असं लिहून दिलं की ती फारखत. गुजराती 'फारगती'ने फारिगातला ग जपलाय, हिंदी 'फारखती'ने खतातला ख. फुर्कतीत हा ख येणार कुठून? आपली क्रियापदंच बघा ना: फारकत देतात, घेतात, लिहून देतात. विरह कुणी लिहून देतं का?

म्हणजे कागद शब्दाच्या पोटातच आहे, वर आणखी 'नामा' नको. शिवाय फारकतीने माणूस पुरता मोकळा होतो, या कराराने होत नाही. सरळ 'विभक्त राहण्याचा करार' लिहावं.

'घटस्फोट' हा शब्दही मुळात नवरा-बायकोचा नव्हेच. धर्मशास्त्रात पतिताला वाळीत टाकण्याचा तो विधी. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात दासीने पाण्याने भरलेला घडा पायाने लवंडायचा, मेलेल्या माणसासाठी करावं तसा. पतित तेव्हा जिवंत असायचा. पुढे त्याने प्रायश्चित्त घेतलं, तर त्याच्यासोबत स्नान करून नवा घडा पाण्यात सोडायचा आणि त्याला परत घ्यायचं, हीसुद्धा सोय तिथेच सांगितली आहे.