‘तिकडची तरुण मुले आमचे ऐकतील का?’

निवृत्तीनंतर परदेशी सेवेसाठी निघालेली जोडपी असोत की मुलांकडे कायमचे राहायला जाणारे आईवडील, पुण्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत गेली काही वर्षे मी एकच काळजी वारंवार ऐकत आले आहे: तिकडची तरुण मुले आमचे ऐकतील का? वडगाव शेरीच्या एका ख्रिस्ती दांपत्याची हकिगत त्यांच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे लिहीत आहे, कारण तिचा मला स्वतःलाही फार उपयोग झाला.

काका पिंपरीच्या कारखान्यात गुणवत्ता तपासनीस होते आणि काकू परिचारिका. त्यांच्या चर्चच्या मंडळीने त्यांना अठरा महिन्यांसाठी मँचेस्टरला पाठवण्याचे ठरवले होते. तेथे घरापासून दूर राहून शिकणाऱ्या मुलामुलींसाठी रविवारी उपासनेनंतर जेवण, आठवड्यातून एकदा शास्त्रपाठ आणि एरवी केव्हाही येऊन बसता येईल असे घर, एवढे त्यांचे काम होते. काकांनी त्यासाठी एक वही तयार केली होती आणि पहिल्याच भेटीत ती माझ्यापुढे ठेवली. पानांवर पट्टीने समास आखलेले होते आणि सुवाच्य अक्षरात नियम लिहिलेले होते: ‘वेळ पाळलीच पाहिजे. प्रार्थनेला आलेच पाहिजे. मोबाइल बाहेर ठेवलाच पाहिजे.’

“आणि मुलांनी ऐकलं नाही तर?” मी विचारले.

“तर आमचं जाणंच फुकट, मॅडम.”

काकू तोवर गप्प होत्या. त्या खाली बघत म्हणाल्या, “हेच यांनी आपल्या मुलाला म्हटलं होतं. आमचं सगळं करणं फुकट गेलं.”

त्यांचा मुलगा बंगळुरूला असतो आणि काही वर्षांपासून चर्चला जात नाही. वडिलांशी त्याचे फोनवरचे बोलणे ‘जेवलास का’च्या पुढे सरकत नसे. मँचेस्टरच्या अनोळखी मुलांच्या काळजीआड ही ओळखीची जखम आहे, हे मला त्या क्षणी उमगले, आणि पुढच्या दोन भेटी आम्ही मँचेस्टरबद्दल जवळजवळ बोललोच नाही.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ विचारसरणीवर माझी श्रद्धा आहे. माणसाला इच्छा असतात म्हणून तो खचत नाही; त्या इच्छांचे तो हुकूम करतो आणि तो हुकूम मोडला गेला की खचतो. इंग्रजीत हे समजावून सांगताना बरेच शब्द खर्ची पडतात. मराठीत मात्र तो हुकूम एका अक्षरात मावतो, हे मला काकांच्या वहीने दाखवले. चौथ्या भेटीत मी त्यांना पेन्सिल देऊन म्हटले, “काका, प्रत्येक वाक्यातला ‘च’ तेवढा खोडा.”

त्यांनी तीन ‘च’ खोडले आणि चौथ्यापाशी हात थांबला. “हा काढला तर उरतं काय? माझा आग्रहच जातो.”

“आग्रह जातो, इच्छा राहते. ती लिहा ना.”

बराच वेळ गेला. मग त्यांनी लिहिले: ‘मुले प्रार्थनेला आली तर मला आनंद होईल. नाही आली तर वाईट वाटेल, पण जेवायचे ताट वाढलेले असेल.’ ताटाचा विचार माझा नव्हता. तो सर्वस्वी त्यांचा होता. काकूंनी वही ओढून घेऊन ते वाक्य वाचले आणि म्हणाल्या, “रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा आणि लक्ष्मीबाईंचा १९०० चा. नवरा एवढा मोठा कवी, तरी पाच वर्षं लागली. आपल्याकडे तर दीडच वर्ष आहे हो!” काका त्या दिवशी पहिल्यांदा मनमोकळे हसले.

तरुणांमध्ये काम करू इच्छिणाऱ्या वडीलधाऱ्यांना मी त्यानंतर आवर्जून सांगते की तयारी घरापासून करावी. काकांना मी मुलाला फोन करून फक्त प्रश्न विचारण्याचा गृहपाठ दिला. जुन्या घरमालकाने अनामत रक्कम अडवून ठेवल्याचे मुलाने सांगितले, तेव्हा तोंडावर आलेला सल्ला त्यांनी गिळला आणि “मग तू काय करायचं ठरवलंस?” एवढेच विचारले. तो फोन चौदा मिनिटे चालला; काकांनी घड्याळ लावून पाहिले होते. काकूंना हे शिकवावे लागले नाही, कारण रात्रपाळीत रुग्णाच्या उशाशी न बोलता बसणे त्यांनी आयुष्यभर केले होते. तिकडे डिसेंबरात दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो, आणि अशा संध्याकाळी एखाद्या पोरीला उपदेशापेक्षा असे शेजारी बसणारे माणूस अधिक लागते. मात्र कोणी जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा केली, तर “कोणाला सांगणार नाही” असे वचन मुळीच देऊ नये. धोका समोर दिसत असेल तर तिकडच्या ९९९ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा. एरवीही मुलाला डॉक्टरकडे नाव नोंदवायला लावून पहिल्या वेळी सोबत जावे. काकूंनी हे वहीच्या मलपृष्ठावर लिहून घेतले.

शेवटच्या भेटीत काकांनी मुलाशी ठरवलेली वेळ मला दाखवली. दर बुधवारी भारतात रात्री नऊ वाजता, म्हणजे तिकडे दुपारी साडेचार. आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळे तासभर मागे गेली की साडेतीन. त्याखाली वेगळ्या शाईत एक ओळ होती: ‘त्याला जमेल तेव्हा.’