सर्दी की सायनस?

प्रश्न : आठवडाभर नाक चोंदलंय, गाल ठणकतात, शेंबूड पिवळा येतो. अँटिबायोटिक घेऊ का? – एक वाचक, गुहागर

उत्तर : नुसत्या रंगावरून मुळीच घेऊ नका, साध्या सर्दीतही शेंबूड पिवळा होतो. दिवस मोजा. 10 दिवसांत उतार पडला नाही, बरं वाटून पुन्हा उलटलं, किंवा 102 अंश ताप तीन-चार दिवस राहिला, तर डॉक्टरांना दाखवा. वाकल्यावर गाल जड होणं, वरच्या दाढा दुखणं हीही सायनसचीच लक्षणं.

नाक धुवायला विहिरीचं पाणी थेट वापरू नका. त्यातला अमीबा क्वचित नाकावाटे मेंदूत शिरतो. पाव लिटर पाणी उकळून गार करा, त्यात अर्धा चमचा मीठ घाला. डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणं, मान ताठरणं यांपैकी काही झालं, तर सकाळच्या एसटीची वाट पाहू नका. रात्रीच रुग्णालय गाठा.