पदवीच्या मुलांना संशोधनात घेताना

नव्याने शिकवायला लागला आहात आणि पदवीच्या मुलांना संशोधनात घ्यायचंय, हे वाचून फार बरं वाटलं. माझा एकच आग्रह आहे, त्यांना नुसती हमाली देऊ नका. काचसामान धुणं, आकडे टंकणं हेही करावं लागतंच, पण सोबत एक छोटा, खरा प्रश्न त्यांच्या नावावर हवा. एका सत्रात हातावेगळा होईल एवढाच. उत्तर तुम्हालाही ठाऊक नसेल, तर उत्तमच.

सुरुवातीला दर आठवड्याला नोंदवही बघा. तारीख घातलीय का? फसलेल्या प्रयोगाचे आकडे खोडलेत की तसेच ठेवलेत? खोडलेले दिसले तर रागावू नका. शेजारी बसून त्याच आकड्यांचा आलेख काढायला लावा. ‘सर, हा बिंदू इथे का आला?’ असं मूल स्वतःहून विचारतं, तेव्हा खरं काम सुरू होतं.

निवड फक्त गुणांवरून करू नका, चिकाटी बघा. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात भौतिकशास्त्रज्ञ मार्गारेट मॅकव्हिकर यांनी १९६९ साली पदवीच्या मुलांना संशोधनात घेणारा उपक्रम सुरू केला. तिथे पहिल्या वर्षाची मुलंही भाग घेतात. परीक्षेच्या काळात सुट्टी द्या. आणि शोधनिबंधात लेखक म्हणून नाव कधी लागेल, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट बोलून घ्या.