अमेरिकेचे पहिले अध्यक्ष वॉशिंग्टन पक्षांच्या विरोधात होते, मग अमेरिकेत पहिले पक्ष आले कुठून?

त्यांच्याच मंत्रिमंडळातून आले. अर्थमंत्री हॅमिल्टन आणि परराष्ट्रमंत्री जेफरसन यांचं पटायचंच नाही. राज्यांची स्वातंत्र्ययुद्धाची कर्जं केंद्राने घ्यायची, राष्ट्रीय बँक काढायची, या हॅमिल्टनच्या गोष्टी जेफरसन आणि त्याचा साथीदार मॅडिसन यांना नको होत्या. 1791 मध्ये जेफरसनने फ्रेनो नावाच्या कवीला आपल्या खात्यात वर्षाला 250 डॉलरवर अनुवादक म्हणून लावून घेतलं आणि तोच माणूस सरकारला झोडपणारा पेपर चालवायला लागला. 1796 ला वॉशिंग्टननी निरोप घेताना गटबाजीपासून सावध राहा म्हणून कळकळीने लिहिलं, पण तोवर हॅमिल्टनचे फेडरलिस्ट आणि जेफरसनचे रिपब्लिकन (आजचा तो पक्ष नव्हे) हे दोन गट पक्के झाले होते.

पण मी लिहायला बसलेय ते 1800 च्या निवडणुकीसाठी. एस.वाय.ला असताना वक्तृत्व स्पर्धेला विषय होता, पक्षीय राजकारण लोकशाहीला मारक आहे का. सगळे मारक आहे म्हणून गेले, मी एकटी विरुद्ध बोलले, बाबा हाफ डे टाकून ऐकायला आले होते. मी सांगितलं की तेव्हा प्रत्येक इलेक्टरला (अध्यक्ष निवडायला राज्यांनी नेमलेल्या माणसाला) दोन मतं असायची, पण अध्यक्षासाठी कुठलं आणि उपाध्यक्षासाठी कुठलं हे वेगळं लिहायची सोय नव्हती. फेडरलिस्टांनी एक मत मुद्दाम दुसरीकडे टाकलं, म्हणून त्यांचे अध्यक्षपदाचे उमेदवार अ‍ॅडम्स 65 आणि उपाध्यक्षपदाचे पिंकनी 64. रिपब्लिकनांना ते जमलं नाही आणि जेफरसन आणि त्याचाच उपाध्यक्षपदाचा उमेदवार बर दोघेही 73 वर अडकले. मग निर्णय संसदेच्या प्रतिनिधीगृहाकडे, राज्ये 16, प्रत्येकाला एक मत, जिंकायला 9 हवीत, आणि जेफरसनकडे 8. हरलेले फेडरलिस्ट आता जेफरसन नको म्हणून बरला मतं देत होते. मेरीलँडचे प्रतिनिधी 4-4 असे फुटलेले, त्यातले निकल्सन तापाने फणफणलेले, त्यांना फेब्रुवारी 1801 च्या बर्फातून उचलून आणलं आणि शेजारच्या खोलीत खाटेवर पडून ते मत देत राहिले, कारण ते नसते तर मेरीलँड बरकडे जात होतं. 11 ते 17 फेब्रुवारी, 36 फेऱ्या.

परीक्षक माइकवर म्हणाले, आजारी माणसाला बर्फातून आणलं वगैरे सिनेमातल्या गोष्टी रंगवून सांगायच्या नसतात, आणि अमेरिकेचे संस्थापक एकदिलाने काम करत होते, गटबाजी आपल्याकडे. सगळा हॉल हसला. येताना एसटीत बाबा म्हणाले, सर एवढे मोठे, ते म्हणतात म्हणजे काहीतरी असेल. परीक्षकांपेक्षा मला तेच जास्त लागलं.

एकदिलाने? हॅमिल्टनला जेफरसन आवडत नव्हता तरी बर नको म्हणून तो स्वतःच्याच पक्षाच्या लोकांना पत्रांवर पत्रं लिहीत होता. शेवटी डेलावेअरचे एकटे प्रतिनिधी बेयार्ड कंटाळून मागे हटले, व्हरमाँट आणि मेरीलँडचे फेडरलिस्टही बाजूला झाले आणि जेफरसनला 10 राज्ये मिळाली. दोन राज्यांत मिलिशिया (राज्याची नागरी सेना) काढायची भाषा चालली होती तरी एकही गोळी न चालता सत्ता विरोधकांकडे गेली. माझ्या मते हे पक्ष होते म्हणूनच झालं, कारण भांडण करणाऱ्यांची तोंडं माहीत होती आणि कुणाशी बोलायचं तेही माहीत होतं.

हां, एक राहिलं. जेफरसनच्या 73 मध्ये लोकसंख्येत एका गुलामाला तीन-पंचमांश माणूस मोजून दक्षिणेला मिळालेले जादा इलेक्टर होते आणि ज्यांची ती मोजणी झाली त्यांना मताचा अधिकारच नव्हता, त्यामुळे याला लोकांचा विजय म्हणताना जरा थांबा. बेयार्ड म्हणायचे की मला जेफरसनकडून आश्वासनं मिळाली होती, जेफरसनने ते कायम नाकारलं. दोन मतांचा घोळ 1804 च्या बाराव्या दुरुस्तीने मिटवला.

तुम्ही हे स्पर्धेसाठी विचारत असाल तर निकल्सनचा प्रसंग बिनधास्त सांगा, फक्त तारखांचा कागद सोबत ठेवा आणि कुणी मध्ये टोकलं तर तिथल्या तिथे दाखवा, माझ्यासारखं खाली बघून बसू नका. बाबांनाही आज हे उत्तर पाठवतेय.