एनएसएस बंद आणि लीडरशिपचा क्लास चालू?

दादा, तुमचं भांडुपहून आलेलं पत्र दोनदा वाचलं. मुलगी एसवायबीएस्सीला, मार्क ६२ टक्के, म्हणून तुम्ही तिचं एनएसएस, म्हणजे कॉलेजातली राष्ट्रीय सेवा योजना, बंद केलंत आणि अंधेरीच्या एका लीडरशिप कोर्सला ३५ हजार भरलेत. मार्कांचं मला फारसं काही वाटलं नाही. "हल्ली घरात कोणाशी बोलत नाही, पण अभ्यासाला बसते", हे वाचून मात्र काळजी वाटली. अहो, गप्प झालेली पोरगी पुस्तकासमोर नुसती बसून असते, डोक्यात काही जात नाही, इतक्या घरांत बघितलंय मी हे.

आणि त्याच पत्रात तुम्हीच तक्रार म्हणून लिहिलंय की शहापूरकडच्या ७ दिवसांच्या एनएसएस कॅम्पमध्ये ५० जणांचं जेवण तिच्याकडे होतं, सिलिंडर संपला तर तिने गावातल्या दोन घरी विनवणी करून चुलीवर भात टाकून घेतला, आणि रात्री वहीत पै-पैचा हिशेब मांडूनच झोपली. याला तुम्ही टाइमपास म्हणता?

लीडरशिप म्हणजे माइक घेऊन फाडफाड इंग्लिश बोलणं, हे आधी डोक्यातून काढा. सैन्यात ऑफिसर निवडताना एसएसबीत, म्हणजे निवड मंडळाच्या चाचणीत, एक ग्रुप टास्क असतो, फळ्या, दोर, ड्रम असं सामान देतात आणि सगळ्यांनी मिळून अडथळे पार करायचे, त्यात लीडर कोणालाच नेमत नाहीत. फळी कोण धरतं, अडकलेल्याला कोण हात देतं, कोणाचं बाकीचे ऐकतात, ते ऑफिसर बाजूला उभा राहून बघतो. वीकेंडला एसी हॉलमध्ये खुर्चीत बसवून हे कसं शिकवणार?

एनएसएसचे वर्षाला १२० तास, म्हणजे आठवड्याला अडीचसुद्धा नाहीत. तुम्ही लावलेले दादरचे दोन क्लास करून, स्लो लोकलमध्ये उभ्याने, ती रात्री साडेनऊला घरी येते, त्याचे तास मोजलेत का कधी? त्यातला एक बंद करा. मार्क फिजिक्समध्ये गेलेत, बाकी ठीक आहे, मग जादा मेहनत तिथेच होऊ दे, सकाळी एक तास, जुने पेपर हाताने सोडवून. आणि कॅम्पमधल्या दोघी-तिघींना घेऊन कॉलेजच्या लायब्ररीत फिजिक्सचा ग्रुप तिलाच चालवू द्या, दुसऱ्याला समजावताना आपलं कुठे अडतं ते बरोबर कळतं. बँकेच्या, एमपीएससीच्या परीक्षांचं काय ते ग्रॅज्युएशन जवळ आलं की बघू.

कोर्सचे पैसे परत मागा. नाही दिले तर गेले म्हणा, पण त्यासाठी तिचे रविवार घालवू नका. त्या दिवशी तिला ती हिशेबाची वही दाखवायला सांगा, तुम्ही अजून बघितलेली दिसत नाही.