वाचक विचारतात : मंडळीच्या वडिलांचा स्मरणफलक

प्रश्न : ३८ वर्षे आमच्या मंडळीचे (चर्चच्या सभासदांचे) वडील, म्हणजे ज्येष्ठ पदाधिकारी, आणि खजिनदार राहिलेले गृहस्थ गेल्या वर्षी प्रभूमध्ये निजले. वर्षस्मरणाला चर्चमध्ये फलक लावायचा आहे. मजकूर काय असावा? दगड कोणता घ्यावा, लावावा कसा? भिंती जुन्या, काळ्या दगडाच्या आहेत. (वाचक, सातारा)

उत्तर : आधी मजकूर ठरवा, दगड नंतर. 'निष्ठावंत, प्रेमळ, कर्तव्यदक्ष' एवढ्याने ते गृहस्थ डोळ्यांपुढे येत नाहीत. बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा १६वा अध्याय काढून बघा. पत्र लिहिणारा पौल नावापुढे काम लिहितो : फिबी ही किंख्रियाच्या मंडळीची सेविका, प्रिस्का आणि अक्विला यांच्या घरी मंडळी जमते, गायस सगळ्या मंडळीचा पाहुणचार करतो. तुम्हीही तसेच लिहा. शब्बाथशाळा (मुलांची रविवारची धर्मशिक्षणाची शाळा) घेतली, दर रविवारी दानार्पणाचा हिशेब ठेवला, आजाऱ्यांच्या घरी प्रार्थनेला गेले. सोबत वर्षे द्या. सगळे मिळून ४० शब्दांत बसवा.

नुसते 'वडील' लिहू नका, बाहेरचा माणूस तो कुणाचा तरी बाप समजेल. 'मंडळीचे वडील' लिहा. कारागीर सवयीने नावाआधी 'कै.' घालतात. ते कैलासवासी; आपल्या ख्रिस्ती लोकांत 'ख्रिस्तवासी' म्हणतात. वचन घालायचे तर (२ तीमथ्य ४:७ अशा फलकांवर शोभते) चर्चमध्ये वाचतात त्याच पवित्र शास्त्रातून उतरवा. निरनिराळ्या आवृत्त्यांत शब्द वेगळे आहेत.

कोरण्याआधी खऱ्या मापाची कागदी प्रत मागा. फाँट बदलला की 'ख्रि'ची वेलांटी जागा सोडते, रफार उडतो. ही प्रत घरच्यांना आणि पाळकसाहेबांना वाचायला द्या. पास्टोरेट कमिटीचा (चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीचा) ठराव लेखी घ्या.

दगड ग्रॅनाइट घ्या. पावसाळी ओलीत संगमरवर डागाळतो. २ फूट बाय दीड फूट, २० मिमी जाडीचा तुकडा साधारण १५ किलो भरतो. अक्षरे २५ मिमी उंच हवीत आणि उथळ न कोरता खोल कोरलेली हवीत. उथळ अक्षरांतला रंग लवकर निघतो.

बसवताना सर्वांत जास्त चुका होतात. सिमेंटच्या थापीने दगड भिंतीला चिकटवू नका. जुनी चुन्याची भिंत ओल बाहेर सोडत असते. सिमेंट ती अडवते आणि क्षार फलकाच्या कडांनी फुटतात. खाली स्टेनलेस स्टीलचे दोन एल-ब्रॅकेट लावून वजन त्यांच्यावर ठेवा, वर दोन स्क्रू फक्त धरायला. मागे रबरी वॉशर घालून ५ मिमी पोकळी सोडा. भिंतीतली भोके शक्यतो तिच्या दगडात न पाडता सांध्यात पाडा, म्हणजे पुढे काढताना भिंत शाबूत राहते. साधे लोखंडी स्क्रू नकोतच : गंजले की फुगतात आणि ग्रॅनाइटचा कोपरा उडवतात.

प्रश्न : आमच्या दिवंगत सेक्रेटरींच्या सेवेची वर्षे वृत्तांतवहीत (सभांच्या नोंदींच्या वहीत) आहेत, पण वही २०१९ च्या पुरात भिजली. पाने चिकटली आहेत. (वाचक, सांगली)

उत्तर : सुकी पाने सुरीने उकलू नका, अक्षरांसकट पापुद्रा निघतो. आधी नाकाला मास्क लावून मोकळ्या हवेत मऊ ब्रशने बुरशी झटका. मग वही झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात ओल्या स्पंजशेजारी ठेवा, स्पंज वहीला टेकू देऊ नका. काही तासांनी पाने सैल पडली की कोपऱ्यातून बांबूची पातळ, गुळगुळीत पट्टी सरकवा. शाईच्या पेनाचे लिखाण दमटपणातही पसरते. तशी पाने असतील तर डबा दर अर्ध्या तासाने उघडून पाहा. बॉलपेन सहसा टिकते. सुटलेल्या पानाचा फोटो खिडकीच्या उजेडात लगेच काढा, फ्लॅश नको. वाळवणे सावलीत, मध्ये कोरा टीपकागद घालून. लॅमिनेशन कधीही करू नका.

तरीही वर्ष लागले नाही तर पावतीपुस्तके आणि जुनी पत्रे काढा. सेक्रेटरींची सही तिथे तारखेसकट सापडते.